जुन्या ऑक्टाव्हियाचा क्लायमेट्रॉनिक एसी बिघडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया २००१ पासून आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, बाहेर पडू लागली. तिचं डिझेल इंजिन आजही खणखणीत चालतं. गाडी विकायला काढणारे बरेच जण कारण सांगतात ते एसीचं. आमच्या घरची गाडी २००५ ची आहे. तिचा एसी मी चार उन्हाळे झगडून दुरुस्त केला आणि पुढे ओळखीच्यांच्या गाड्यांवरही हात बसला. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं लिखाण आपोआप तापमान राखणाऱ्या, डिजिटल आकडे दाखवणाऱ्या क्लायमेट्रॉनिक पॅनलच्या गाड्यांबद्दल आहे.

एसी थंड करत नाही. गॅस भरून घेऊ का?

लगेच नको. आपल्याकडे कूलिंग कमी झालं की पहिलं वाक्य ‘गॅस मारून घ्या’ हेच असतं. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार. या गाडीत आर-१३४ए गॅस आहे. हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट घातक आहे, त्यामुळे तो असा हवेत सोडणं पैशाच्या पलीकडेही वाईट.

माझ्या गाडीत एका गॅरेजने दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला. गॅस तिन्ही वेळा पुरेसाच होता. बिघाड डॅशबोर्डच्या आत, हवा वळवणाऱ्या फ्लॅपवर होता, आणि तो गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजवर कधीच दिसला नसता.

मग सुरुवात कुठून करायची?

एक साधा थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटलही चालेल. मधल्या व्हेंटमध्ये त्याची दांडी अडकवा, बॉनेट उघडा, इंजिन चालू करा आणि तापमान खाली नेत नेत पॅनलवर ‘एलओ’ अक्षरं आणा. १८ अंशांच्या खाली गेलं की ती येतात. या स्थितीत पॅनल स्वतःची बुद्धी चालवत नाही. फ्लॅप पूर्ण थंड बाजूला जातो, ब्लोअर पूर्ण जोरात फिरतो. ‘ईकॉन’ बटण चालू राहिलेलं नाही ना, तेही बघा. ते दाबलेलं असेल तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, लागतच नाही. नुसत्या त्या बटणापायी गॅरेजपर्यंत आलेली गाडी मी पाहिली आहे.

आता कॉम्प्रेसरच्या पुलीकडे बघा. पुलीचा मधला भाग, म्हणजे क्लच, पट्ट्याबरोबर फिरतो आहे का? फिरत नसेल तर प्रश्न विजेचा किंवा गॅसच्या दाबाचा. क्लच फिरतो आहे, कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप हाताला गार लागतो आहे, पाण्याने घामेजला आहे आणि तरी आत हवा कोमट येते आहे, तर गॅसला हात लावू नका. बिघाड हवेच्या वाटेवर आहे.

व्हेंटमधून काळे, भुसभुशीत फोमचे तुकडे उडतात. हे काय आहे?

हाच तो बिघाड, ज्याने मला दोन उन्हाळे घामाघूम केलं. याच पायावर बनलेल्या फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्येही तो जगभर सापडतो.

डॅशबोर्डच्या आत हिटरचा मोठा डबा आहे. त्यात हवा इकडून तिकडे वळवणारे फ्लॅप आहेत. हे फ्लॅप म्हणजे भोकं असलेले पत्रे, आणि त्या भोकांवर दोन्ही बाजूंनी फोम चिकटवलेला. पंधरा-वीस वर्षांत फोम कुजतो, त्याची माती होते, हवेच्या जोराने ती सीटवर येऊन पडते. लोक व्हॅक्युम मारून विसरून जातात. पण मागे पत्र्याला भोकं उघडी पडली, ती तशीच राहतात.

या गाडीत हिटरकडे जाणारं गरम पाणी बंद करणारा व्हॉल्व्हच नाही. इंजिनचं गरम पाणी हिटर कोअरमधून, म्हणजे हवा गरम करणाऱ्या जाळीतून, भर मे महिन्यातही सतत फिरत असतं. थंड आणि गरम हवा वेगळी ठेवणं ही सगळी जबाबदारी एकट्या तापमानाच्या फ्लॅपवर. त्यालाच भोकं पडली की कूलिंग कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीवरून, आलेली गार हवा हिटरवरून आलेल्या गरम हवेत मिसळते. कॉम्प्रेसर बिचारा जीव तोडून काम करतो आणि तुम्हाला मिळते कोमट हवा.

याची खात्री करून देणारी एक चाचणी आहे. इंजिन गार असताना फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात) शिरणाऱ्या हिटरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एक होज क्लॅम्पने हळूच चिमटा. दातेरी पक्कड वापरू नका, आणि जुन्या प्लास्टिकच्या जोडांपासून दूर चिमटा, कारण ते हात लावताच तुटतात. मग इंजिन तापू द्या, एसी लावा. नळी मोकळी असताना व्हेंटवर १८ अंश आणि चिमटल्यावर १० अंश असा फरक दिसला, तर गुन्हेगार फ्लॅपच. दहा-पंधरा मिनिटांत चाचणी संपवून क्लॅम्प काढून टाका.

हा फ्लॅप डॅशबोर्ड न उतरवता दुरुस्त होतो का?

अर्धामुर्धा होतो. मधले व्हेंट, रेडिओ आणि क्लायमेट पॅनल काढल्यावर वरचा मधला फ्लॅप दिसतो आणि हाताला येतो. उरलेला फोम खरवडायचा, पत्रा अल्कोहोलने पुसायचा, वाळू द्यायचा आणि भोकांवर चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियम टेप दोन्ही बाजूंनी लावून बोटाने घट्ट दाबायची. कडेला पातळ नवा फोम लावला तर फ्लॅप बंद होताना आवाज येत नाही.

तापमानाचा फ्लॅप मात्र आत खोल आहे. हिटरच्या डब्याला बाजूने खिडकी कापून तिथवर पोचणारे लोक आहेत. नीट कापून नीट बंद केली तर चालतं, पण मला ते पटत नाही. कापताना आतल्या कॉइलला पातं लागण्याची भीती असते आणि नंतर तिथून हवा गळते. कूलिंग कॉइल किंवा हिटर कोअर कधी तरी बदलावा लागणारच असेल, तर डॅशबोर्ड एकदाच उतरवा आणि कॉइल, कोअर, फ्लॅप हे सगळं त्याच वेळी उरका. दोन पूर्ण दिवसांचं काम आहे. संध्याकाळी गाडी देतो म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

हायवेवर मस्त थंड, ट्रॅफिकमध्ये गरम. असं का?

नगर रोडने पुण्याला जाताना शिरूरपर्यंत गारेगार आणि वाघोलीच्या कोंडीत भट्टी, ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी म्हणजे कंडेन्सर. हायवेवर तो वाऱ्याने गार होतो. गाडी थांबली की ते काम रेडिएटरच्या पंख्याचं. एसी लावताच पंखा कमी गतीवर फिरायलाच हवा. नुसतं बॉनेट उघडून बघा, फिरतो का.

फिरत नसेल तर आधी बॅटरीच्या डोक्यावरचा फ्यूजचा डबा उघडा. पंख्याच्या फ्यूजशी प्लास्टिक वितळलेलं, पिवळं-तपकिरी झालेलं दिसेल. या गाड्यांचा हा जुनाच रोग आहे. नट सैल होतो, जोड तापतो आणि डबा वितळतो. नुसता फ्यूज बदलून भागत नाही. वितळलेला डबा आणि काळी पडलेली वायरची टोकं बदलावी लागतात. तिथे थेट वायर जोडून काम भागवणारे भेटतात, त्यांना ठाम नाही म्हणा, कारण पुढची पायरी आग आहे.

डबा ठीक असेल तर पंख्याच्या मोटारीतला कमी गतीचा रेझिस्टर उडालेला असू शकतो, किंवा बॅटरीच्या खालच्या बाजूला चासीवर बसवलेलं पंख्याचं कंट्रोल युनिट. हे युनिट कॉम्प्रेसरच्या क्लचलाही वीज देतं. म्हणून पंखा आणि क्लच दोन्ही एकदम गप्प झाले, तर पहिला संशय याच्यावर घ्या. पावसाळ्यात त्याच्या प्लगमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. कधी कधी पिना साफ करण्यावरच काम भागतं.

कॉम्प्रेसरचा क्लच लागतच नाही. कॉम्प्रेसर गेला समजायचं का?

बहुतेक वेळा कॉम्प्रेसर शाबूत असतो. त्याला चालू होण्याची परवानगी मिळत नसते. गॅसचा दाब सुमारे २ बारच्या खाली गेला किंवा ३२ बारच्या वर गेला की यंत्रणा त्याला थांबवते. बाहेरची हवा फार थंड आहे असं पॅनलला वाटलं तरी थांबवते. ‘महाराष्ट्रात कुठली थंडी?’ असं वाटेल. पण बाहेरचं तापमान मोजायला दोन सेन्सर आहेत, एक पुढे बंपरजवळ आणि एक आत शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर, आणि पॅनल त्यातला कमी आकडा खरा मानतं. बंपर ठोकून दुरुस्त केला, सेन्सरची वायर खराब झाली, आकडा खोटाच खाली गेला आणि भर एप्रिलमध्ये एसी बंद. डिस्प्लेवर बाहेरचं तापमान विचित्र दिसत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

या गाडीला बोलता येतं, तिला विचारा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्या वाचू शकणारा स्कॅनर लावला की ०८ क्रमांकाच्या पत्त्यावर एसीचं युनिट सापडतं. तिथे चालू मोजमापांमध्ये कॉम्प्रेसर नेमका कशामुळे थांबला याचा कोड मिळतो. कुठल्याही गाडीला लागणारा स्वस्तातला साधा ओबीडी स्कॅनर फक्त इंजिन वाचतो, तो इथे उपयोगाचा नाही. स्कॅनर न लावता कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिककडून गाडी परत घ्या.

सगळ्या परवानग्या मिळूनही क्लच लागत नसेल तर त्याच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर क्लचची कॉइल तपासा, साधारण ३ ते ४ ओहम दाखवायला हवी. गाडी गार असताना लागतो, तापल्यावर लागत नाही, असं असेल तर क्लच झिजून फट वाढलेली असते. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. आतली पातळ वायसर काढून फट कमी करता येते आणि कॉम्प्रेसर आणखी काही वर्षं चालतो.

पॅनलचा डिस्प्ले दुपारी बंद पडतो, संध्याकाळी चालू होतो.

उन्हात उभ्या गाडीतला डॅशबोर्ड भाजून निघतो, रात्री गार होतो. हे वर्षानुवर्षं झालं की पॅनलच्या आतल्या पीसीबीवरचे, म्हणजे सर्किटच्या पट्टीवरचे, सोल्डरचे डाग (जोड) तडकतात. नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. भिंगाखाली पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतं. थापटल्यावर डिस्प्ले परत येत असेल तर हेच समजा.

काढायला अवघड नाही. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली (त्याआधी शेवटचा प्रश्न वाचा), मग भोवतीची फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीने उचकटायची, स्क्रू काढायचे आणि पॅनल पुढे ओढायचं. मागचे प्लग काढताना लॉक दाबा, वायर ओढू नका. पीसीबीला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा. आधी मोठ्या प्लगच्या पिनांचे डाग बघा, कारण ओढाताण तिथेच होते. फ्लक्स लावून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग गनने, ६३/३७ च्या (कथील-शिशाच्या) सोल्डरने एकेक डाग नव्याने वितळवायचा आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. हात बसलेला नसेल तर टीव्ही आणि इन्व्हर्टरची कार्डं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे नुसतं पॅनल घेऊन जा. मोबाइल दुरुस्त करणारी मुलंही हे उत्तम करतात. गाडीच्या गॅरेजमध्ये असं काम क्वचित होतं, तिथे पॅनल बदलायलाच सांगतात.

पॅनलमधून किर्र असा बारीक आवाज येतो.

पॅनलच्या जाळीमागे बोटाच्या पेराएवढा पंखा आहे. तो केबिनमधली हवा आतल्या सेन्सरवर ओढतो. वीस वर्षांची धूळ आणि केस त्यात अडकतात. तो थांबला तर सेन्सर केबिनचं नाही, पॅनलचंच तापमान वाचतो आणि २४ वर ठेवूनही आत थंडीने कुडकुडायला होतं. पॅनल काढलंच आहे तर ब्रशने साफ करा आणि पंख्याच्या दांडीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. एकच.

ऑटोवर ठेवलं की ब्लोअर वेड्यासारखा कमीजास्त होतो.

डॅशबोर्डच्या वर, काचेजवळ मधोमध उन्हाचा सेन्सर आहे. ऊन लागलं की तो पॅनलला थंडावा वाढवायला सांगतो. आपल्याकडे त्याच जागी गणपतीची मूर्ती बसवतात किंवा नॅपकिन पसरतात. मूर्ती थोडी बाजूला सरकवा, सेन्सरला ऊन दिसू द्या. त्याने फरक पडला नाही तर पुढचं उत्तर वाचा.

ब्लोअर फक्त फुल स्पीडला चालतो, किंवा चालतच नाही.

क्लायमेट्रॉनिकमध्ये ब्लोअरची गती राखायला ट्रान्झिस्टरचा रेग्युलेटर असतो. तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे, हवेच्या झोतात बसवलेला असतो म्हणजे गार राहतो. तो जळला की ब्लोअर एक तर सुसाट सुटतो, नाही तर गप्प बसतो. बदलणं सोपं आहे. पण तो का जळला ते विचारल्याशिवाय बदलू नका. ब्लोअरची मोटार जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढते आणि नवा रेग्युलेटरही महिन्याभरात जातो. मोटार बाहेर काढून हाताने फिरवा, ती सहज फिरायला हवी. कार्बन ब्रश झिजले असतील तर वाइंडिंगवाला नवे बसवून देतो.

केबिनचा फिल्टरही याच वेळी बघा. तो विंडस्क्रीनच्या खाली, बाहेरच्या प्लास्टिकच्या ट्रेखाली असतो, त्यामुळे पहिल्या मालकाने तो कधी पाहिलेलाही नसतो. पावसाळ्याआधी त्या ट्रेतला पालापाचोळा काढा, नाही तर पाणी तुंबून थेट फिल्टरवाटे आत येतं.

डॅशबोर्डमागे टक टक आवाज, आणि हवा भलतीकडूनच येते.

फ्लॅप मोटरचा प्लास्टिकचा दात तुटला आहे, किंवा तिच्या आतला जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर मळला आहे. मोटर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतली की अनेकदा सुधारते. तुटका दात मात्र चिकटवू नका, टिकत नाही. पॅनल किंवा मोटर काढून बसवल्यावर स्कॅनरने ‘बेसिक सेटिंग’ चालवणं आवश्यक आहे. त्यात प्रत्येक फ्लॅप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि पॅनल नव्याने टोकं लक्षात ठेवतं. हे न केल्यामुळे चांगली दुरुस्ती फसल्यासारखी वाटते.

पायाखालचं कार्पेट ओलं होतं.

बोटावर घेऊन बघा. साधं पाणी असेल तर कूलिंग कॉइलचा ड्रेन तुंबला आहे, किंवा वर सांगितलेला ट्रे. चिकट आणि गोडसर वास असेल, काचेवर आतून तेलकट वाफ बसत असेल, तर हिटर कोअर फुटला आहे आणि कूलंट गळतो आहे. त्यात वेळ घालवू नका, इंजिन तापून मोठं नुकसान होतं.

गॅस खरोखरच कमी निघाला तर?

इंजिन बंद आणि गार असताना गेजवर दाब चांगला दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही. ३० अंशांच्या हवेत आर-१३४ए चा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ७००. द्रवाचा एक थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. म्हणून सगळा गॅस यंत्राने काढून वजन करायचं. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम हवा ते लिहिलेलं असतं, या गाडीत साधारण ७५० च्या घरात. नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरू देऊ नका, तिच्यातली वाफ आत राहून ॲसिड बनवते. गळती बंद झाली की अर्धा तास व्हॅक्युम लावायचा, मशीन बंद करूनही तो टिकतो का बघायचं, आणि मग काट्यावर मोजून भरायचं. स्वस्त म्हणून ज्वलनशील गॅसचं मिश्रण भरणाऱ्यापासून लांब राहा. कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यासमोर आहे.

जुनं पॅनल कुठे मिळेल?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. नवे सुटे भाग पुण्यात नाना पेठेत विचारा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि जुन्या पॅनलमधलं कोडिंग (गाडीनुसार त्यात भरलेला आकडा) ते काढण्याआधी स्कॅनरवर वाचून लिहून ठेवा. लॉराचं, म्हणजे आपल्याकडे त्या नावाने विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचं, पॅनल या गाडीला बसत नाही.

बॅटरी काढण्यापूर्वी काय पाहायचं?

मूळ रेडिओ असेल तर त्याचा कोड. तो मॅन्युअलच्या पाकिटात एका छोट्या कार्डावर लिहिलेला असतो. कार्ड सापडल्याशिवाय बॅटरीच्या वायरला हात लावू नका.